एका तळटीपेचा इतिहास : ज्ञानचंद्र घोष, पीटर डिबाय आणि मिठाचे पाणी



ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालू आहे, त्यांनी बडोद्याच्या या शाळेत मराठीतून विज्ञान शिकवले. अवघड विषय सोपा करता येत नसेल तर तो आपल्यालाच नीट समजलेला नाही, असे मानणाऱ्या शिक्षकांच्या पिढीतले ते होते. त्यांना साजेसा विषय निवडावा म्हणून मी आज विज्ञानाच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्यापुढे ठेवणार आहे. प्रकरण लहान आहे. चिमूटभर मीठ पाण्यात टाकले म्हणजे त्या पाण्यात नेमके काय घडते, एवढाच त्यातला प्रश्न. परंतु या प्रश्नाने युरोपातील उत्तमोत्तम बुद्धीला सुमारे चाळीस वर्षे चकवले, आणि तो सुटण्याच्या वाटेवर कलकत्त्याच्या एका तरुणाचे पाऊल उमटलेले आहे. ते पाऊल पुसून टाकणे जितके अन्यायाचे, तितकेच ते फुगवून सांगणेही अन्यायाचे. दोन्ही टाळून ही हकिकत सांगता येते का, हे मला पाहायचे आहे.

१. आयनांचा जन्म

विद्युत् प्रवाह नेणाऱ्या द्रावणांची परिभाषा मायकेल फॅरेडे यांनी १८३४ मध्ये रूढ केली. ‘आयन’ हा शब्द तेव्हाचा. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ ‘जाणारा’ असा होतो. विजेच्या प्रभावाखाली द्रावणातून एका टोकाकडे काहीतरी जाते, म्हणून तो आयन. परंतु हे जाणारे कण वीज लावल्यावर निर्माण होतात, की आधीपासूनच पाण्यात सुटे असतात, याचा निर्णय व्हायला पुढची पन्नास वर्षे जावी लागली.

तो निर्णय स्वान्ते आऱ्हेनियस या स्वीडिश तरुणाने दिला. १८८४ मध्ये उप्साला विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याच्या विचाराची बीजे होती. परीक्षकांना तो प्रबंध फारसा रुचला नाही आणि त्यांनी त्याला हलकी श्रेणी दिली. १८८७ मध्ये आऱ्हेनियस यांनी सिद्धांत पूर्ण रूपात मांडला. मीठ पाण्यात विरघळते तेव्हा त्याचे काही रेणू आपोआप फुटून धन आणि ऋण भाराचे आयन होतात, काही अखंड राहतात आणि या दोहोंत समतोल असतो, असे त्यांचे म्हणणे होते. याच कार्यासाठी १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

ॲसिटिक आम्लासारख्या, म्हणजे आपल्या व्हिनेगरमधल्या आम्लासारख्या, पदार्थांना हा सिद्धांत चोख लागू पडला. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८८८ मध्ये त्यावरून विरलतेचा नियमही काढला. पण साध्या मिठाने सगळा घोटाळा केला. मीठ विरघळले की पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, आणि किती खाली जातो यावरून द्रावणातील कणांची संख्या काढता येते. प्रत्येक रेणूचे दोन आयन झाले तर परिणाम बरोबर दुप्पट दिसायला हवा. लिटरमागे एक-दशांश मोल मीठ असलेल्या द्रावणात तो सुमारे १.८७ पट भरतो, एक-शतांशला १.९४ पट आणि एक-सहस्रांशला १.९७ पट. आऱ्हेनियस यांच्या हिशेबाने याचा अर्थ असा की शेकडा ८७, ९४ आणि ९७ रेणू फुटले. परंतु हेच आकडे विरलतेच्या नियमात घालून पाहिले तर नियम साफ कोसळतो. जो नियम दुर्बल आम्लांना काटेकोर लागू पडतो, तो मिठासारख्या बलवान पदार्थांना का मानवत नाही, या कोड्याला त्या काळी ‘बलवान विद्युत् विच्छेद्यांची विसंगती’ असे नाव होते.

२. राजाबाजारचा तरुण

१९१४ मध्ये कलकत्त्यास विज्ञान महाविद्यालयाची स्थापना झाली. आशुतोष मुखर्जी यांची दृष्टी आणि तारकनाथ पालित व रासबिहारी घोष यांची देणगी यांतून ते उभे राहिले. प्रेसिडेन्सी कॉलेजात प्रफुल्लचंद्र राय यांच्या हाताखाली शिकलेली एक विलक्षण तुकडी तेथे आली. मेघनाद साहा, सत्येंद्रनाथ बोस, ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी आणि ज्ञानचंद्र घोष हे त्यांतले चौघे. काळ पहिल्या महायुद्धाचा होता. अशा काळात ज्याला महागडी उपकरणे लागत नाहीत असे काम हाती घेणे शहाणपणाचे होते, आणि मिठाच्या कोड्याला उपकरण नको होते. मोजमापे युरोपातील प्रयोगशाळांनी आधीच प्रसिद्ध केली होती. हवा होता तो विचार.

घोष यांचा जन्म १८९४ चा. १९१८ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्यांनी लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात या विसंगतीवर आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. त्यांच्या विचाराची सुरुवात मला आजही मोहक वाटते. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली होती. त्या स्फटिकात मिठाचा सुटा ‘रेणू’ नावाची वस्तूच नाही. सोडियम आणि क्लोरीन यांचे आयन बुद्धिबळाच्या पटावरील काळ्यापांढऱ्या घरांसारखे आलटूनपालटून बसलेले असतात. मग जे मीठ कोरडे असतानाही आयनांचेच बनलेले आहे, ते पाण्यात गेल्यावर अर्धवट फुटते, हे म्हणण्यात अर्थ काय? मीठ पाण्यात पूर्णपणे सुटे होते, असे घोष यांनी गृहीत धरले. डेन्मार्कचे नील्स ब्येरुम यांनीही १९०९ पासून पूर्ण विघटनाचा पुरस्कार केला होता. ज्याला आपण ‘न फुटलेले रेणू’ समजतो ती आयनांची परस्परांवरील ओढ आहे, हा या सर्व विचाराचा गाभा होता.

त्या ओढीचा हिशेब मात्र करायचा होता, आणि येथे घोष यांनी एक धाडस केले. स्फटिकातील मांडणीच ताणून मोठी व्हावी, तशी द्रावणातही आयनांची जाळीसारखी मांडणी टिकून असते, असे त्यांनी मानले. प्रत्येक आयन आपल्या जोडीदाराच्या ओढीत असतो. ती ओढ तोडण्याइतकी गतिज ऊर्जा ज्याच्याजवळ असेल तोच आयन वीज वाहून नेतो. पाणी ही ओढ सुमारे ऐंशी पटींनी क्षीण करते, हे त्यांनी हिशेबात धरलेच होते. या चित्रातून साहजिकच एक नियम निघतो. जाळीतले अंतर द्रावणाच्या तीव्रतेच्या घनमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून विसंगतीही घनमुळाच्या प्रमाणात वाढली पाहिजे.

सूत्र सुटसुटीत होते, आणि कित्येक द्रावणांच्या आकड्यांशी ते बऱ्यापैकी जुळले. १९१९ मध्ये घोष लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले तेव्हा त्यांचे नाव तेथे आधीच पोहोचले होते. परंतु टीकाही कठोर झाली. अतिशय विरल द्रावणांत मोजमापे काही वेगळेच सांगत होती. फ्रीड्रिख कोलराउश यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच दाखवून दिले होते की बलवान विच्छेद्यांची वाहकता तीव्रतेच्या वर्गमुळानुसार घटते. घनमूळ आणि वर्गमूळ यांतला फरक किरकोळ वाटेल, पण दोन्ही एकाच वेळी खरे असू शकत नाहीत.

३. झुरिचची सभा

पीटर डिबाय हे मूळचे नेदरलँड्समधील मास्ट्रिख्टचे, १८८४ साली जन्मलेले भौतिकीविज्ञ. १९२० पासून ते झुरिचच्या तांत्रिक विद्यापीठात होते आणि एरिख ह्यूकेल हा तरुण त्यांचा साहाय्यक होता. १९२३ मध्ये या दोघांनी विद्युत् विच्छेद्यांच्या सिद्धांतावर जो निबंध जर्मन भाषेत प्रसिद्ध केला, त्याने आऱ्हेनियसपासून चालत आलेले कोडे सोडवले. आज जगातील प्रत्येक महाविद्यालयात तो शिकवला जातो.

मी स्वतः हा सिद्धांत कित्येक वर्षे शिकवला, पण मूळ निबंध भाषांतराच्या आधारे वाचला तो निवृत्तीनंतर. त्यातील एका तळटीपेने मला आजचे व्याख्यान दिले. डिबाय तेथे नमूद करतात की या विषयाची प्रेरणा आपल्याला बाउअर यांच्या एका व्याख्यानातून मिळाली. बाउअर यांनी ते भौतिकी परिषदेपुढे दिले होते, आणि त्याचा विषय होता घोष यांचे कार्य.

हे वाक्य नीट समजून घेतले पाहिजे. घोष यांचा सिद्धांत बरोबर आहे, असे डिबाय म्हणत नाहीत. उलट, निबंधात घोष यांच्या मांडणीचा परामर्श घेऊन ते ती बाजूला ठेवतात. परंतु कलकत्त्याहून आलेल्या त्या निबंधाचा सारांश झुरिचच्या सभेत कोणी सांगितला नसता, तर डिबाय यांचे लक्ष त्या वेळी या प्रश्नाकडे वळले असते का, हा प्रश्न उरतो. मूळ प्रेरणेचे ऋण डिबाय यांनी लपवले नाही. इंग्लंडच्या मिलनर यांनी १९१२ मध्ये हाच प्रश्न अत्यंत किचकट आकडेमोडीने हाताळला होता. त्यांचाही उल्लेख त्या निबंधात आहे.

आता डिबाय यांनी वेगळे काय केले? त्यांनी जाळी मोडली. द्रावणातले आयन उष्णतेने अविरत धावत असतात, त्यांना ठरलेली घरे कोठून असणार? तथापि ही धावपळ पूर्णपणे स्वैरही नसते. एका धन आयनाजवळ आपण उभे आहोत, अशी कल्पना करा. क्षणोक्षणी शेजारी बदलतात, पण सरासरी काढली तर जवळपास ऋण आयन थोडे अधिक आणि धन आयन थोडे कमी आढळतील. जत्रेत प्रसादाच्या दुकानाभोवती माणसे थांबत नाहीत, येतात आणि जातात, तरी तेथे गर्दी सदैव दिसते, तसेच हे. या सरासरी गर्दीला डिबाय यांनी ‘आयनी वातावरण’ म्हटले. तिचा एकूण भार मधल्या आयनाच्या भाराइतकाच, पण उलट असतो. त्यामुळे ठरावीक अंतरापलीकडे मधल्या आयनाचा प्रभाव झाकला जातो.

हे झाकण किती जाड? विद्युत् ओढ आयनांना एकत्र आणू पाहते आणि उष्णता त्यांना पांगवू पाहते. या रस्सीखेचीतून जी जाडी ठरते तिला ‘डिबाय लांबी’ म्हणतात. ती तीव्रतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. साध्या मिठाच्या लिटरमागे एक-दशांश मोल द्रावणात ती सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा एक अब्जांश भरते, तर एक-सहस्रांश मोलच्या द्रावणात जवळजवळ दहा नॅनोमीटर. कोलराउश यांचे वर्गमूळ येथे आपसूक हाती आले. अर्धवट फुटलेल्या रेणूंची गरज उरली नाही.

या कथेला एक पुरवणी आहे. १९२५ मध्ये लार्स ऑनसागर नावाचा नॉर्वेजियन तरुण झुरिचला डिबाय यांच्या खोलीत शिरला आणि ‘आपला सिद्धांत चुकीचा आहे’ असे त्याने त्यांना तोंडावर सांगितले. त्याचा रोख वाहकतेच्या गणितावर होता. मधला आयन स्वतःही वेडावाकडा धावतो, हे डिबाय यांनी धरले नव्हते. डिबाय यांनी त्याला दार दाखवले नाही, साहाय्यकाची जागा दिली. पुढे डिबाय यांना १९३६ मध्ये आणि ऑनसागर यांना १९६८ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ऑनसागर यांना ते निराळ्या कार्यासाठी. घोष यांच्या जाळीत डिबाय यांनी दोष काढला, डिबाय यांच्या गणितात ऑनसागर यांनी. ज्ञान असेच पुढे जाते.

४. सोन्याचे पाणी आणि नदीचा गाळ

या विद्येचा दुसरा प्रवाह कलिलांचा. थॉमस ग्रॅहम यांनी १८६१ मध्ये सरसासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून या पदार्थांना इंग्रजी नाव दिले. दूध, शाई, गढूळ पाणी हे सारे कलिल. त्यांतले कण रेणूंहून बरेच मोठे, पण तळाशी बसू नयेत इतके सूक्ष्म असतात. फॅरेडे यांनी १८५७ मध्ये तयार केलेली सोन्याच्या कणांची माणकासारखी लाल द्रावणे लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवली आहेत. मीठ टाकले की हा लाल रंग निळा होतो, हे फॅरेडे यांनीच पाहिले होते. मग मीठ नसताना हे कण एकमेकांना चिकटून खाली का बसत नाहीत?

कारण त्यांच्यावर एकजातीय भार असतो. प्रत्येक कण म्हणजे एक प्रचंड आयन, आणि त्याच्याभोवतीही उलट भाराचे वातावरण असते. फ्रान्सचे गुई यांनी १९१० मध्ये आणि इंग्लंडचे चॅपमन यांनी १९१३ मध्ये सपाट भारित पृष्ठभागासाठी हे गणित डिबाय यांच्याही आधी मांडले होते. भारतात या क्षेत्राची पायाभरणी घोष यांचे सहाध्यायी ज्ञानेंद्रनाथ मुखर्जी यांनी केली. कलिल कणावर भार येतो कोठून आणि क्षार तो कसा नाहीसा करतात, या विषयावरील त्यांचा निबंध १९२१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी मातीतील कलिलांचा अभ्यास हाती घेतला.

एक जुने निरीक्षण मात्र दीर्घकाळ अनुत्तरित होते. १८८२ मध्ये शुल्झे यांनी आणि १९०० मध्ये हार्डी यांनी दाखवले की कलिल साखळवण्याचे सामर्थ्य आयनाच्या भारावर विलक्षण अवलंबून असते. आर्सेनिक सल्फाइडचे कलिल साखळवायला लिटरमागे सुमारे ५१ मिलिमोल साधे मीठ लागते. मॅग्नेशियम क्लोराइड ०.७२ मिलिमोल पुरते आणि ॲल्युमिनियम क्लोराइड ०.०९३. भार दुप्पट झाला तर गरज सत्तर पटींनी घटते, आणि तिप्पट झाला तर साडेपाचशे पटींनी.

याचे उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे निघाले. सोव्हिएत रशियात डेर्यागिन आणि लांडाऊ यांनी १९४१ मध्ये ते प्रसिद्ध केले. हॉलंडमध्ये फर्व्हे आणि ओव्हरबेक यांचा ग्रंथ १९४८ मध्ये आला. कण जवळ आले की त्यांच्यात एक सार्वत्रिक आकर्षण असते, आणि भारांच्या वातावरणांमुळे अपसारणही असते. क्षार वाढला की वातावरण आकसते, अपसारणाचा बांध खचतो आणि कण चिकटतात. बलवान भाराच्या कणांसाठी हा हिशेब केला तर लागणारा क्षार आयनाच्या भाराच्या सहाव्या घाताने घटतो, म्हणजे दुहेरी भाराला ६४ पटींनी आणि तिहेरी भाराला ७२९ पटींनी. वरील आकडे याच्या किती जवळ आहेत, हे आपण पाहिलेच.

बडोदेकरांना याचा प्रत्यय घराजवळच येतो. महीसागर आणि नर्मदा गोड्या पाण्यात बारीक चिकणमाती घेऊन खंबायतच्या आखाताकडे जातात. त्या कणांवर ऋण भार असतो आणि नदीच्या पाण्यात त्यांचे वातावरण कित्येक नॅनोमीटर जाड असते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात ते अर्ध्या नॅनोमीटरहूनही कमी होते. कण एकमेकांस बिलगतात, त्यांचे पुंजके होतात आणि भरतीओहोटीच्या मधल्या संथ वेळी ते तळ गाठतात. नद्यांच्या मुखांशी गाळ साचण्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. आपल्या आज्या पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवीत, त्यामागेही ॲल्युमिनियमचे हेच सामर्थ्य आहे. फक्त त्यात ॲल्युमिनियमचा पाण्याशी संयोग होऊन बनणाऱ्या चिकट साक्याचाही मोठा वाटा असतो. लिंबू पिळले की दूध फाटते, तेथे आम्लाने दुधातील प्रथिनकणांचा ऋण भार जातो.

५. मागे वळून

घोष यांचे पुढे काय झाले? १९२१ मध्ये ते नव्या ढाका विद्यापीठात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी सत्येंद्रनाथ बोसही तेथे भौतिकीत आले, आणि बोस यांचा जगप्रसिद्ध निबंध १९२४ मध्ये तेथूनच बाहेर पडला. १९२३ नंतर घोष यांचा सिद्धांत पाठ्यपुस्तकांतून हळूहळू नाहीसा झाला. ते प्रकाशरसायन आणि उत्प्रेरण यांकडे वळले. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन केमिकल सोसायटीच्या उभारणीत त्यांचा, मुखर्जींचा आणि शांतिस्वरूप भटनागरांचा पुढाकार होता. १९३९ मध्ये ते बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे संचालक झाले. १९५० मध्ये खरगपूरला देशातील पहिली आय.आय.टी. निघाली, तिचे पहिले संचालकही तेच. ज्या हिजली छावणीत ब्रिटिशांनी राजबंदी डांबले होते, त्याच इमारतीत ती संस्था सुरू झाली. १९५९ मध्ये घोष यांचे निधन झाले.

आपल्याकडे अशा माणसाच्या वाट्याला दोनच गोष्टी येतात. एक तर त्याला देव्हाऱ्यात बसवून ‘डिबाय यांच्या आधी आमच्या माणसाने सारे शोधले होते’ असे सांगायचे, नाही तर सिद्धांत टिकला नाही म्हणून नावही घ्यायचे नाही. पहिले असत्य आहे. घनमूळ हे वर्गमूळ नव्हे, आणि जाळी म्हणजे वातावरण नव्हे. दुसरे कृतघ्नपणाचे आहे. पारतंत्र्यातल्या देशात, युद्धकाळात, चोवीस वर्षांच्या तरुणाने योग्य प्रश्न हेरला आणि तो इतक्या स्पष्टपणे मांडला की त्याचे खंडन करण्यासाठी डिबाय यांच्यासारख्याला लेखणी उचलावी लागली. संदिग्ध सिद्धांताचे खंडन कोणी करीत नाही, ते करताच येत नाही. घोष यांनी आपला सिद्धांत चुकीचा ठरू शकेल इतक्या नेमक्या आकड्यांत सांगितला, हेच त्याचे मोठेपण.

आणि हे प्रकरण पूर्णपणे मिटलेलेही नाही. डिबाय यांचे गणित विरल द्रावणांत निर्दोष आहे, पण अतितीव्र द्रावणांत ते लागू पडत नाही, हे प्रथमपासून ज्ञात होते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दोन पृष्ठभागांमधील बल मोजून असे दाखवले की फार तीव्र द्रावणांत हे झाकण तीव्रतेबरोबर पातळ होण्याऐवजी पुन्हा जाड होत जाते. त्याच्या कारणांविषयी तज्ज्ञांत अजून एकमत नाही. आपल्या खिशातल्या फोनच्या बॅटरीत असलीच तीव्र द्रावणे असतात, म्हणून हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. मिठाच्या पाण्याने आपले सारे रहस्य अजून सांगितलेले नाही.

येथे बसलेल्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे की पाठ्यपुस्तकात जो सिद्धांत एका ओळीत येतो, त्याच्या मागे न टिकलेल्या सिद्धांतांची रांग असते. त्यांची नावे क्वचितच छापली जातात, आणि छापली तर बहुधा तळटीपेत. तळटीपा वाचण्याची सवय लावून घ्या. आणि कधी आपल्याला दुसऱ्याच्या पुढे जाण्याचा मान मिळाला, तर ज्याच्या खांद्याला धरून पाऊल टाकले त्याचे नाव डिबाय यांच्याप्रमाणे लिहून ठेवा.